उर्सुलानं आईचं केलं

स्टुटगार्टहून :

सांगलीहून फोन आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "तुमच्याकडे काय, म्हातारी माणसं आश्रमात टाकून मोकळे होतात." आता हे ऐकवत नाही. २०२३च्या अखेरीस जर्मनीत परावलंबी म्हणून नोंद झालेली सुमारे ५७ लाख माणसं होती. त्यांतली ८६ टक्के घरीच होती आणि निम्म्याहून जास्त जणांचं सगळं घरचेच करत होते. आमच्या खालच्या मजल्यावरची उर्सुला त्यांतलीच. तिची आई गेल्या महिन्यात गेली.

आईची कूस बदलणं, डायपर, भरवणं, रात्रीचं उठणं, सगळं उर्सुलाच करायची. त्यासाठी तिनं नोकरी अर्ध्या वेळेवर आणली होती. इथे १९९५पासून शुश्रूषा विमा आहे, त्याचा हप्ता पगारातून कापला जातो. तपासनीस घरी येऊन म्हातारीला बटणं लावता येतात का, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे विचारून गेला. पाच श्रेणींपैकी चौथी मिळाली, म्हणजे आता महिन्याला ८०० युरो. तेवढ्यात घर चालत नाही, हे खरं. पण मुलगी आईचं करते म्हणून तिच्या पेन्शनचा हप्ता विमा भरतो! शिवाय वर्षातून काही आठवडे बदली माणसाच्या खर्चाला हातभार मिळतो. उर्सुला दर उन्हाळ्यात आठवडाभर बोडेन सरोवरावर जाऊन यायची आणि कुणी नाक मुरडत नसे.

माझ्या आत्यानं सांगलीत आजीचं असंच केलं, शाळेतली नोकरी सोडून. एकदा ती मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला मुक्कामी राहिली, तर "आईला बाईवर टाकून गेली" हे महिनाभर ऐकत होती. पुण्य पदरात पडलं म्हणतात सगळे. पेन्शन नाही पडली. आईवडिलांना पोसण्याची सक्ती करणारा २००७चा कायदा आपल्याकडे आहे. करणाऱ्याच्या रजेबद्दल आणि म्हातारपणाबद्दल त्यात अवाक्षर नाही.

शेवटच्या दिवसांत जवळ राहता यावं म्हणून इथे तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. बिनपगारी असते, पण नोकरी शाबूत राहते. उर्सुलानं ती घेतली. वेदनाशमनाची नर्स घरी येत होती. आई पहाटे गेली, उर्सुलानं इथल्या जुन्या रीतीप्रमाणे खिडकी उघडली आणि सकाळभर तिच्याजवळ बसून राहिली. कुणी घाई केली नाही. निरोप असा मिळावा, असं मला मनापासून वाटलं.

त्यानंतर मात्र माझा जीव कासावीस झाला. आई गेल्यावर नोकरदाराला इथे साधारण दोन दिवस सुट्टी! भाड्याचा पलंग दुकानाची माणसं घेऊन गेली, खोलीत गालिच्यावर चार चाकांचे खळगे तेवढे राहिले. काळ्या काठाची पाकिटं टपालानं येत होती. माणूस एक येईना. दफन दोन आठवड्यांनी. त्यानंतर कॉफी आणि गोड पाव झाला, संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. मी दुसऱ्याच दिवशी पिठलं-भात घेऊन खाली गेले होते. "फोन न करता आलीस?" म्हणून ती चकित झाली, पण जेवली आणि अंधार पडेपर्यंत आईबद्दल बोलत बसली.

आजी गेली तेव्हा आत्याच्या घरी चपला ठेवायला जागा नव्हती. शेजारून डबे येत होते, दहाव्याला घाटावर सगळी भावकी हजर. आत्याला एक क्षण एकटं सोडलं नाही कुणी. पण त्याच माणसांनी तिला विचारलं, "आयसीयूत का नाही नेलं?" हे विचारणाऱ्यांपैकी एकानंही आजीची कूस कधी बदलली नव्हती. याचा राग अजून जात नाही.

विमा, पेन्शन, रजा हे सगळं आपण सरकारकडे मागितलंच पाहिजे, आणि नेटानं. पण तुमच्या नात्यात आज कुणी असं घरी अडकून आजाऱ्याचं करत असेल, तर तेराव्याची वाट पाहू नका. या रविवारी जा, चार तास आजाऱ्यापाशी बसा आणि करणाऱ्या बाईला घराबाहेर पाठवा. त्याला कुठलाही कायदा लागत नाही.