जुना संगणक टाकण्याआधी एकदा उघडून पाहा

गतवर्षी दिवाळीच्या तोंडावर बाबांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक सूचना वारंवार झळकू लागली. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० या प्रणालीला सुरक्षाविषयक सुधारणा मिळणार नाहीत आणि हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही, असा तिचा आशय होता. बाबा निवृत्त शिक्षक. २०१४ साली घेतलेल्या या लॅपटॉपवर त्यांनी गावच्या भजनी मंडळाची पदे, देवळातील उत्सवांच्या नोंदी आणि वयोवृद्ध स्त्रियांकडून ऐकून उतरवलेली धालो-फुगडीची गीते टंकून ठेवली आहेत. यंत्र सुरू व्हायला सात-आठ मिनिटे लागत. दुकानात दाखवले तेव्हा निकाल एका वाक्यात मिळाला : "याचे आयुष्य संपले, नवीन घ्या, जुना दिलात तर हजारभर रुपये सुटतील."

हा निकाल अनेक घरांत ऐकू आला असेल. तो नेहमीच खोटा असतो असे नाही; परंतु बहुतेक वेळा तो तपासणीविना दिलेला असतो. संगणक ही एकसंध वस्तू नव्हे. वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होणारे भाग त्यात एकत्र नांदत असतात. त्यांतला नेमका कोणता भाग थकला आहे, हे ओळखून तेवढाच बदलण्याचा छंद जगभर असंख्य लोक जोपासतात. त्या छंदाची तोंडओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

अपात्र म्हणजे निकामी नव्हे

विंडोज ११ ही प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिच्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठराविक यादीतील प्रोसेसर आवश्यक आहे. इंटेलच्या बाबतीत ही यादी, काही अपवाद वगळता, २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. बाबांच्या लॅपटॉपमधील प्रोसेसर चौथ्या पिढीचा. तो यादीत नाही. पण म्हणून तो बिघडलेला नाही. लेखन, वाचन, ईमेल, बँकेचे व्यवहार आणि चित्रफिती पाहणे एवढ्या कामांना तो आजही पुरतो. मग यंत्र एवढे मंद का झाले?

उत्तर शोधण्यासाठी पेचकस लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवरील भार टक्केवारीत दिसतो. यंत्र अडखळत असताना यांपैकी कोणता आकडा शंभराला टेकतो ते पाहावे. बाबांच्या यंत्रात प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत होता, मेमरी नव्वदीच्या पुढे होती आणि डिस्क शंभरवर खिळलेली होती. रोगनिदान झाले होते.

फिरती तबकडी आणि स्थिर स्मृती

जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क ही मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी असते. म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. माहितीचा हवा असलेला तुकडा वाचक-सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय सुई योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ वेगळाच. अशा हिशेबाने विखुरलेले तुकडे सेकंदाला साठ-सत्तर एवढेच वाचता येतात. संगणक सुरू होताना मात्र हजारो छोट्या फाइल वाचाव्या लागतात. विलंबाचे मूळ येथे आहे.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिथे चिपमधून माहिती मिळायला मिलिसेकंदाचा लहानसा अंश पुरतो. म्हणूनच जुन्या यंत्राच्या बाबतीत डिस्क बदलण्याइतका डोळ्यांत भरणारा बदल दुसरा नाही. २०१४ च्या सुमाराच्या बहुतेक लॅपटॉपना अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा जोडणीची एसएसडी चालते. नंतरच्या यंत्रांत एम.२ नावाची, च्युइंगगमच्या पट्टीसारखी एसएसडी असते. तिची रुंदी २२ आणि लांबी बहुधा ८० मिलिमीटर. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून, दिसायला सारखे असले तरी ते परस्परांच्या जागी चालतीलच असे नाही. खरेदीपूर्वी आपल्या यंत्राची पुस्तिका पाहणे म्हणूनच अगत्याचे.

दुसरा भाग रॅम. ती अपुरी पडली की प्रणाली तिच्यातील काही मजकूर डिस्कवर उतरवून ठेवते आणि गरजेप्रमाणे परत उचलते. डिस्क मंद असेल, तर या ये-जा करण्यात सारे यंत्र रखडते. दोन्ही दुखणी अशी एकमेकांना खतपाणी घालतात. रॅमच्या पिढ्याही निरनिराळ्या आहेत. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बळजबरी केली तर खोबण मात्र मोडते. डीडीआर३ मध्येही दीड व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची असे दोन प्रकार आहेत. बाबांच्या लॅपटॉपला दुसरा प्रकार लागतो. त्यात दोन खोबणी होत्या आणि एक रिकामी होती. तिथे ४ जीबीची पट्टी बसवून रॅम ८ जीबी केली.

आधी मजकूर, मग यंत्र

परंतु या कामांपूर्वी एक काम करावे लागते आणि उत्साहाच्या भरात बरेच जण तेच विसरतात. डिस्कची प्रकृती पाहणे आणि मजकुराची प्रत काढणे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दोषांची नोंद ठेवत असते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने ती वाचता येते. बाबांच्या डिस्कपुढे 'सावधान' अशा अर्थाचा पिवळा शेरा दिसला. वाचता न येणाऱ्या भागांची संख्या वाढत होती. आणखी काही महिने गेले असते, तर ती गीते कदाचित कोणालाच मिळाली नसती. आणि ज्या स्त्रियांनी ती सांगितली, त्यांतल्या बऱ्याच जणी आज हयात नाहीत. यंत्र दुकानात देऊन टाकले असते, तर हजार रुपयांत तेही गेले असते.

अशा डिस्कची थेट नक्कल, म्हणजे क्लोन, करण्याआधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करण्याचा मोह टाळून ते जाणकाराकडे न्यावे.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक खबरदारी लागते. युनिकोड रुळण्यापूर्वीचे आपले कितीतरी लेखन श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये झालेले आहे. या फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी अक्षरे नसून इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फाइल नव्या यंत्रावर नेली आणि फॉन्ट जुन्यावरच राहिला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. वृत्तपत्राच्या कचेरीत आम्ही हा अनुभव नित्य घेतो. तेव्हा फाइलबरोबर फॉन्टचीही प्रत घ्यावी आणि सवड मिळेल तसा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा.

गोव्याची हवा आणि यंत्राचे आरोग्य

आपल्याकडे संगणकाचा आणखी एक शत्रू आहे : दमट, खारी हवा. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेले यंत्र अनेकदा भागांच्या बिघाडामुळे नव्हे, तर जोडांवर चढलेल्या थरामुळे सुरू होत नाही. चालू केल्यावर नुसतेच बीप ऐकू येतात, पडदा काळाच राहतो. अशा वेळी रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसण्याची युक्ती दुरुस्ती करणारे वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. ती पुष्कळदा लागू पडते. मात्र वीज पूर्ण तोडलेली असावी, रबराचा भुगा ब्रशने झाडावा आणि जोर लावू नये. त्याहून उत्तम उपाय म्हणजे यंत्र आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवणे. त्याच्याच उष्णतेने आतला ओलावा निघून जातो.

पंख्यात साचलेली धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट हे मंदपणाचे आणखी एक कारण. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो. यंत्र पहिली दहा मिनिटे बरे चालून मग रेंगाळत असेल, तर संशय इकडे घ्यावा.

कुठे थांबावे

धाडस आणि अविचार यांतली रेषा या छंदात फार बारीक असते. अंगावरील स्थिर विजेची ठिणगी आपल्याला जाणवते ती साधारण तीन हजार व्होल्टच्या आसपास; नाजूक चिपला मात्र त्याहून कितीतरी कमी दाबाने इजा होऊ शकते. पावसाळी हवेत हा धोका कमी, वातानुकूलित कोरड्या खोलीत अधिक. काम करताना अधूनमधून जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. चार्जर काढावा, बॅटरी विलग करावी आणि मगच पुढे जावे.

बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळाचे झाकण नीट बसत नसेल, तर यंत्र वापरणे तत्काळ थांबवावे. ती दाबू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. लिथियमच्या बॅटरीला लागलेली आग आटोक्यात आणणे अवघड असते. टेबलावरच्या संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तोही हौशी माणसाने उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

माझाही हात एकदा चुकला. पंखा साफ करण्यासाठी कीबोर्ड काढताना त्याची चपटी पट्टी मी तशीच ओढली. तिच्या जोडावरची बारीक खटकी आधी उचलायची असते, हे मला ठाऊक नव्हते. खटकी तुटली आणि निम्म्या कळा मुक्या झाल्या. अखेर म्हापशातील एका अनुभवी कारागिराने भिंगाखाली तो जोड बदलून दिला. प्रत्येक पायरीचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि निघालेले स्क्रू त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत, हा धडा मी तेव्हा घेतला.

मोकळेपणाची परंपरा आणि बंद होत चाललेली झाकणे

ही सारी खटपट शक्य झाली ती एका जुन्या निर्णयामुळे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्यात जादा कार्डांसाठी पाच खोबणी होत्या आणि यंत्राच्या विद्युतमंडलांची रेखाचित्रे तांत्रिक पुस्तिकेत छापलेली होती. परिणामी इतरांनीही जुळणारे भाग बनवले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एसपी रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस या सुट्या भागांच्या बाजारपेठा याच मोकळेपणावर उभ्या राहिल्या.

आज वारे उलट वाहत आहेत. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली असते. ती वाढवता येत नाही. म्हणून नवा लॅपटॉप घेताना रॅमची खोबण मोकळी आहे का, बॅटरी बदलता येते का, हे विचारणे म्हणजे पुढील पाच वर्षांची बचत आहे. नव्या यंत्रांत डिस्कवरील मजकूर बहुधा कूटबद्ध असतो. दुरुस्तीपूर्वी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवली नाही, तर मालकालाच स्वतःच्या मजकुराची दारे बंद होऊ शकतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले, तर नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. तरीही वस्तू कचरा ठरण्याआधीची शेवटची तपासणी घरातच होत असते.

आता पुढे काय?

विंडोज १० वापरत राहणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-सुधारणा घेण्याची सोय जाहीर केली. बाबांच्या यंत्राची तशी नोंदणी केली आहे. ही मुदत कायमची नाही. त्यानंतर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवण्याचा विचार आहे. ती अशा जुन्या यंत्रांवर सुरळीत चालते आणि इनस्क्रिप्ट कळफलकाने तिच्यात मराठी टंकता येते. तोवर जुन्या फॉन्टमधील फाइल युनिकोडमध्ये आणण्याचे काम उरकायचे आहे.

लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. बाबा रोज सकाळी दोन-तीन गीते रूपांतरित करतात आणि मी संध्याकाळी मुद्रिते तपासतो. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे अजून चुकतात, ती हाताने दुरुस्त करावी लागतात.

वाचकांच्याही कपाटात असे एखादे यंत्र पडून असेल. कदाचित सायबरएज योजनेतून मुलांना मिळालेले, कदाचित कोणा दिवंगत माणसाचे. ते भंगारात देण्याआधी एकदा चालू करून पाहावे, न जमल्यास जाणकाराकडून उघडून घ्यावे आणि आत काय आहे ते आधी उतरवून ठेवावे. यंत्र वाचते की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.