फाटका आवाज : दोष नोंदीत की वाजवण्यात?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरांतील आवाजांनी मोठे स्थलांतर केले आहे. वडीलधाऱ्यांची भाषणे, जयंतीच्या कार्यक्रमांतील गीतगायन, लग्नसमारंभ, शाळेच्या स्नेहसंमेलनातील लहानग्यांचे बोबडे बोल हे सारे एके काळी कॅसेटच्या फितीवर होते. आज ते संगणकात अथवा पेन ड्राइव्हवर येऊन विसावले आहे. हा ठेवा पैशाने पुन्हा विकत मिळणारा नाही. म्हणूनच संगणकातून तो आवाज चिरका, तुटक अथवा फाटका ऐकू येऊ लागला की मनात चर्र होते.

काही महिन्यांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याच्या आई पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या दिवंगत पतींच्या एका भाषणाची ती एकमेव नोंद होती. घरच्या संगणकावर लावली की प्रत्येक चढ्या शब्दाला आवाज चिरफाळत असे. त्यांनी विचारले, "दादा, कॅसेट तर आम्ही कधीच टाकून दिली. आता हेही गेलं का?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जी रीत आहे, ती प्रत्येक घरात उपयोगी पडावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

आवाज संगणकात कसा राहतो?

ध्वनी म्हणजे हवेतील कंप. संगणकाला कंप साठवता येत नाहीत. त्याला फक्त संख्या साठवता येतात. म्हणून ध्वनिलहरीची उंची एका सेकंदात हजारो वेळा मोजली जाते. सीडीच्या पद्धतीत हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ या मर्यादेतील एका संख्येने लिहिले जाते. डावी आणि उजवी अशा दोन बाजू धरल्या तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तासाभराच्या नोंदीला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते, ती यामुळेच.

वाजवताना याच्या उलट प्रवास घडतो. साउंड कार्ड त्या संख्यांपासून पुन्हा विजेची लहर तयार करते, अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो आणि स्पीकरचा पडदा हवेला हलवतो. १९८९ साली बाजारात आलेल्या साउंड ब्लास्टरसारख्या कार्डांच्या काळात हा भाग वेगळा विकत घेऊन संगणकात बसवावा लागे. आता बहुतेक संगणकांत तो मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये सामावलेला असतो. साखळी मात्र तीच आहे : फाइल, वाजवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, साउंड कार्ड, वायर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर. दोष या सातांपैकी कोणत्याही कडीत असू शकतो.

प्रथम साखळी दोन भागांत तोडा

सर्वांत पहिले काम म्हणजे नोंद बिघडली आहे की वाजवणे, हे ठरवणे. तीच फाइल मोबाइलवर किंवा दुसऱ्या संगणकावर लावून ऐकावी. तिथे स्वच्छ वाजली, तर नोंद सुरक्षित आहे. निश्चिंत मनाने पुढचा शोध घ्यावा. मग स्पीकरची वायर काढून त्याच संगणकाला हेडफोन जोडावा. हेडफोनमध्ये आवाज चांगला असेल, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. हेडफोनमध्येही तोच फाटकेपणा असेल, तर दोष संगणकाच्या आत आहे. या दोन परीक्षांना पाच मिनिटे पुरतात आणि एक रुपयाही लागत नाही. तरीही त्या न करताच नवे स्पीकर विकत आणणारे पालक मी पाहिले आहेत.

दोषाचे स्वरूपच त्याचे मूळ सांगते

चढ्या सुरात आवाज फाटतो आणि हळू बोलण्यात तो स्वच्छ असतो, तर लहर मर्यादेबाहेर जात आहे असे समजावे. ३२,७६७ च्या पलीकडे संख्याच नाही. त्याहून उंच जाऊ पाहणारी लहर माथ्यावर छाटली जाते आणि तो सपाट झालेला माथा कानाला खरखरीत लागतो. प्रोग्रॅममधील आवाज, त्यातील इक्वलायझर, विंडोजचा मुख्य आवाज आणि स्पीकरचे बटण असे वाढवण्याचे अनेक टप्पे असतात. इक्वलायझरच्या पट्ट्या वर सरकवलेल्या असतील, तर त्या मध्यावर आणाव्यात. शंभर टक्क्यांहून अधिक आवाज देणारे काही प्रोग्रॅम असतात. त्यांत तो शंभरच्या आत ठेवावा. स्पीकरच्या गुणधर्मांत 'एन्हान्समेंट्स' या नावाखाली आवाज भारदस्त करण्याच्या ज्या सोयी असतात, त्या बंद करून पाहाव्यात.

आवाज फाटत नाही, पण मध्येच तडतडतो, अडखळतो, तर तो वेळेचा प्रश्न आहे. संगणक संख्यांचे लहान लहान गठ्ठे आधीच भरून ठेवतो आणि साउंड कार्ड ते एका लयीत रिकामे करत जाते. दहा मिलिसेकंदांच्या गठ्ठ्यात ४४१ मोजमापे असतात. टाकी रिकामी होण्याआधी पाणी आले नाही की नळ जसा फुरफुरतो, तसेच इथे होते. इतर जड प्रोग्रॅम बंद करावेत, लॅपटॉपची वीजबचतीची व्यवस्था बदलून पाहावी, फाइल पेन ड्राइव्हवरून संगणकावर उतरवून वाजवावी आणि साउंड कार्डाचा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन पुन्हा बसवावा.

गाण्याचा किंवा बोलण्याचा वेग आणि पट्टीच बदललेली असेल, तर मोजमापांच्या गतीचा मेळ बसलेला नाही. सेकंदाला ४८,००० मोजमापांनी केलेली नोंद ४४,१०० च्या गतीने वाजली, तर ती सुमारे आठ टक्के संथ होते आणि स्वर सप्तकाच्या बारा भागांपैकी जवळजवळ दीड भाग खाली उतरतो. ओळखीच्या माणसाचा आवाज जाड आणि आळसावलेला वाटतो. अशा वेळी ध्वनीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' सेटिंगमधील आकडा बदलून पाहावा.

संगीत पोकळ ऐकू येते आणि मधला गायकाचा आवाज नाहीसा होतो, हा दोष सर्वांत चकवणारा. याचे कारण बहुधा अर्धवट बसलेला जॅक असतो. जॅकच्या तीन भागांपैकी सामाईक भागाचा स्पर्श तुटला की डाव्या आणि उजव्या बाजूंमधला फरक तेवढाच ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंत सारखा असल्याने तो वजा होऊन जातो. जॅक काढून पुसावा आणि हिरव्या खाचेत घट्ट बसवावा, इतकाच उपाय.

सततची घूं-घूं येत असेल, तर ती घरातील ५० हर्ट्झच्या विजेची आहे. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर असल्यास दोघांच्या अर्थिंगमधून वीज फिरते आणि ती घरघर आवाजात मिसळते. लॅपटॉपचा चार्जर काढताच घरघर थांबली, तर खूण पटली. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर जोडावीत. मात्र घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा जो उद्योग काही ठिकाणी केला जातो, तो कदापि करू नये. तिथे जिवाशी गाठ असते.

एका वेळी एकच बदल

या साऱ्या तपासणीत एकच पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ऐकावे, काय घडले ते वहीत लिहावे आणि मगच पुढे जावे. चार बदल एकदम केले आणि आवाज सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कळत नाही. बिघडला तर परतीची वाटही सापडत नाही. ऐकण्याची चाचणी मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर करावी, हेही तितकेच महत्त्वाचे.

नोंदच बिघडली असेल तर?

फाइल सर्वत्र फाटकीच वाजत असेल, तर ती ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावी. लहरीचे माथे एका रेषेत छाटलेले दिसले, तर दोष नोंद करतानाच घडलेला आहे. छाटलेला भाग अंदाजाने थोडाफार सावरता येतो, परंतु जे टिपलेच गेले नाही ते जसेच्या तसे परत येत नाही. मूळ कॅसेट जवळ असेल, तर मात्र सारे पुन्हा करता येते. कॅसेट प्लेअरची वायर गुलाबी माइकच्या खाचेत न घालता निळ्या लाइन-इन खाचेत घालावी. माइकची खाच अतिशय क्षीण लहरीसाठी असते आणि तिथेच बहुतेक जुन्या नोंदी फाटल्या आहेत. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही कमाल मर्यादेच्या सहा डेसिबल खालीच राहील. प्रथम वेव्ह स्वरूपात साठवावे, त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात आणि मगच वाटपासाठी एमपी-थ्री करावी. कॅसेट टाकून देऊ नये.

त्या आईंची फाइल मी माझ्या संगणकावर लावली. आवाज स्वच्छ होता. त्यांच्या घरी जाऊन पाहिले, तेव्हा नातवाने गाण्यांसाठी इक्वलायझरच्या साऱ्या पट्ट्या वर नेऊन ठेवलेल्या आढळल्या. त्या मध्यावर आणल्या आणि भाषण पहिल्या वाक्यापासून नीट ऐकू येऊ लागले. आई शेवटपर्यंत काहीच बोलल्या नाहीत. भाषण संपल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, "याच्या अजून दोन प्रती करून द्या." त्या आम्ही त्याच दिवशी केल्या. ज्यांच्या घरी असा ठेवा आहे, त्यांनीही तो आज काढून एकदा ऐकावा, ही विनंती.