कृतज्ञता डायरी: रोज तीन ओळी लिहून खरंच काही होतं का? आणि ती सुरू कशी करायची?

जानेवारीत घरात एखादी तरी नवी डायरी येते. बँकेची, पतपेढीची किंवा कुणीतरी भेट दिलेली. पहिली आठ-दहा पानं मोठ्या उत्साहात भरतात. मार्च येईपर्यंत तिच्यात दुधाचा हिशेब आणि किराण्याची यादी आलेली असते.

गेल्या काही वर्षांत या डायरीसाठी एक नवा उपयोग सुचवला जातो आहे. रोज झोपण्याआधी, दिवसभरात ज्या गोष्टींबद्दल कृतज्ञ वाटलं त्या लिहायच्या. याला कृतज्ञता डायरी किंवा ग्रॅटिट्यूड जर्नल म्हणतात. काहीजण म्हणतात, याने आयुष्य बदलतं. काहींना हे श्रीमंतांचं फॅड वाटतं. खरं काय आहे आणि करायचंच असेल तर कसं करायचं, ते समजून घेऊया.

संशोधन काय सांगतं?

या विषयावरचा सर्वात गाजलेला अभ्यास २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा कृतज्ञ वाटलेल्या पाच गोष्टींपर्यंत लिहायच्या, दुसऱ्याने मनस्ताप देणाऱ्या गोष्टी लिहायच्या आणि तिसऱ्याने आठवड्यातल्या साध्या घटना. काही आठवड्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटातल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटत होतं आणि शारीरिक तक्रारीही कमी होत्या.

त्याच मालिकेतला एक प्रयोग मज्जातंतू-स्नायूंचा दीर्घ आजार असलेल्या लोकांवर होता. त्यांनी २१ दिवस रोज लिहिलं. त्यांची झोप सुधारली आणि त्यांच्यातला फरक जोडीदारांनाही जाणवला. म्हणजे ज्यांचं सगळं सुरळीत आहे अशांनाच याचा उपयोग होतो, असं नाही.

२००५ साली मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी आणखी सोपी पद्धत तपासली. एक आठवडा रोज रात्री, दिवसात चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का झाली तेही लिहायचं. या लोकांमध्ये सहा महिन्यांनंतरही परिणाम दिसला. विशेषतः ज्यांनी आठवडा संपल्यावरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात.

पण दुसरी बाजूही आहे. २०२० साली अशा २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात साडेतीन हजारांहून अधिक लोक होते. नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर या उपायाचा परिणाम होतो, पण तो लहान असतो, असा निष्कर्ष निघाला. उपचारांऐवजी यावर विसंबू नये, असं संशोधकांनी स्पष्ट म्हटलं. थोडक्यात, ही चांगली सवय आहे. तिला औषध समजू नये.

लिहिल्याने फरक का पडतो?

वाईट गोष्टी आपल्या मनाला चटकन पकडतात. दिवसभरात दहा माणसं नीट बोलली आणि एकाने टोमणा मारला, तर रात्री अंथरुणावर टोमणाच आठवतो. धोका ओळखण्यासाठी मनाची ही सवय उपयोगाची आहे, पण त्यात बाकीचे दहाजण पुसले जातात.

दुसरं कारण म्हणजे सरावणं. घरात पहिल्यांदा नळ आला तेव्हा केवढा आनंद झाला असेल! महिन्याभरात तो नळ दिसेनासा होतो. मग तो पुन्हा दिसतो, तो पाणी गेलं की. लिहायला बसलं की अशा दिसेनाशा झालेल्या गोष्टी शोधाव्या लागतात. काही दिवसांनी हा शोध दिवसाच चालू होतो. 'हे आज लिहिता येईल' असं वाटून आपण क्षणभर थांबतो. खरा फायदा या थांबण्यात आहे.

सुरुवात कशी करायची?

१. वही साधी घ्या. महागडी डायरी घेतली की खराब अक्षरात, खाडाखोड करून लिहायला जीव होत नाही. शंभर पानी वही पुरते. फोनवर लिहिलं तरी चालेल, पण फोन उघडला की दुसरंच काहीतरी पाहत बसणाऱ्यांनी वहीच घ्यावी.

२. वेळ ठरवण्यापेक्षा जागा ठरवा. 'रात्री दहाला लिहीन' हे टिकत नाही. 'ओटा आवरून झाला की' किंवा 'गजर लावला की' असं रोजच्या एखाद्या कामाला जोडलं तर टिकतं. वही त्याच जागी ठेवा, पेन तिच्यातच.

३. 'बरं झालं' या शब्दांनी सुरू करा. 'मी कृतज्ञ आहे' असं लिहायला मराठी माणसाला अवघडल्यासारखं होतं. घरात आभार मानले तर 'आपल्यात कसले आभार' असं ऐकायला मिळतं. पण 'बरं झालं तू फोन केलास' हे आपण सहज म्हणतो. तेच शब्द वहीत आणा.

४. काय, कोणामुळे, कसं, हे लिहा. 'माझं कुटुंब', 'माझं आरोग्य' अशी यादी तिसऱ्या दिवशी कंटाळवाणी होते. त्याऐवजी असं लिहा: 'बरं झालं, डोकं दुखत होतं म्हणून मी पडले होते तेव्हा मुलीने न सांगता कुकर लावला. तिचा उद्या पेपर आहे.' हे वाक्य फक्त त्या एका दिवसाचंच असू शकतं. एक अशी नोंद पाच मोघम नोंदींपेक्षा उपयोगी.

५. काहीच सुचत नसेल तर 'नसतं तर?' असं विचारा. २००८ साली मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, जोडीदाराची भेट कशी झाली हे लिहिणाऱ्यांपेक्षा ती भेट झालीच नसती तर काय, याचा विचार करणाऱ्यांना नात्याबद्दल अधिक समाधान वाटलं. नोकरी सुचवणारा मित्र त्या दिवशी भेटलाच नसता तर? गावाकडची शेवटची एसटी चुकली असती तर? अशा दोन ओळी पुरतात.

६. वाईट दिवशी छोटं लिहा. दवाखान्यात रात्र काढलेल्या दिवशी 'सगळं छान आहे' असं लिहू नका, ते खोटं आहे. पण 'बरं झालं, शेजारच्या खाटेजवळच्या काकांनी रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान दाखवलं' हे खरं असू शकतं. तेवढंच लिहा. काहीच नसेल तर पान कोरं सोडा.

रोजच लिहायला हवं का?

गरज नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. उरकायचं काम झालं की त्यातला जीव जातो, हे त्याचं कारण असू शकतं. म्हणून पहिले दोन आठवडे सवय लागेपर्यंत रोज तीन ओळी लिहा. नंतर त्याच त्या गोष्टी येऊ लागल्या तर रविवारी एकदाच, पण सावकाश लिहा. चार दिवस राहून गेले तर मागचं भरत बसू नका, आजपासून पुढे जा.

वहीतली गोष्ट त्या माणसापर्यंत पोहोचवा

सेलिग्मन यांच्याच अभ्यासात आणखी एक कृती होती. ज्याचे कधी नीट आभार मानले नाहीत अशा माणसाला पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन द्यायचं. सुरुवातीला सर्वात मोठा परिणाम याच कृतीचा दिसला, पण तो काही महिन्यांत ओसरला. यातून घेण्यासारखं हे की महिन्यातून एकदा वही चाळायची आणि जे नाव पुन्हा पुन्हा आलं आहे त्याला फोन करायचा. 'तू त्या दिवशी गाडी घेऊन आलास, म्हणून वेळेत पोहोचलो' एवढं म्हटलं तरी पुरे.

कृतज्ञता कुठे थांबवायची?

हा भाग सहसा कुणी सांगत नाही. 'जे आहे त्यात समाधान मान' हा सल्ला आपल्याकडे बहुतेक वेळा ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्यालाच दिला जातो. सासरी जाच सोसणाऱ्या मुलीला, तीन महिने पगार न मिळालेल्या कामगाराला, घरातलं सगळं एकटीने करणाऱ्या आईला. त्यांची तक्रार खरी असते. 'बरं झालं' लिहून ती दाबायची नाही.

तसंच 'निदान आपण त्यांच्यासारखे तरी नाही' ही कृतज्ञता नाही. दुसऱ्याच्या दुःखावर आपलं सुख मोजलं तर ते दुःख आपल्या वाट्याला आल्यावर वहीत लिहायला काही उरत नाही.

यासाठी एक साधी सोय करा. शाळेत आपण कच्चं काम वहीच्या मागच्या पानांवर करायचो. तसंच पुढून 'बरं झालं' लिहा आणि मागून 'हे बदलायला हवं' लिहा. तारीख टाका, नेमकं काय झालं ते लिहा. पुढच्या पानांवरून आपल्या बाजूने कोण उभं आहे ते कळतं. मागच्या पानांवरचं काम करताना मदत कुणाकडे मागायची, ते ठरवायला हीच नावं उपयोगी पडतात.

आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं.

बाकी सगळ्यांनी आज रात्री एक वही शोधावी. जानेवारीची वाट पाहायची गरज नाही. तारीख टाका, 'बरं झालं' लिहा आणि आजचं एक वाक्य पूर्ण करा.