मेसमागची धामण

गेल्या जुलैतली गोष्ट. पीटी संपवून मुलं मेसकडे निघाली होती आणि चहाच्या ओढीनं मीही त्यांच्या मागोमाग. तेवढ्यात धान्याच्या कोठाराच्या मागून गलका ऐकू आला. जाऊन पाहतो तर सहा-सात कॅडेट अर्धवर्तुळ करून उभे, दोघांच्या हातात हॉकी स्टिक, आणि भिंतीच्या कोपऱ्यात पिवळसर तपकिरी रंगाचा, माझ्या उंचीहून लांब साप. मान फुगवलेली, डोकं जमिनीपासून वर उचललेलं, आणि घशातून गुरगुरल्यासारखा आवाज.

"सर, कोब्रा!" एकजण ओरडला.

"मूर्खन नाही सर, चेर आहे," मागून आठवीतला एक केरळचा मुलगा शांतपणे म्हणाला. "आमच्या घरामागं असते. आजी हाकलूनसुद्धा देत नाही."

मल्याळममध्ये नागाला मूर्खन म्हणतात, त्यामुळे हॉकी स्टिकवाल्यांना क्षणभर वाटलं की तो त्यांनाच काही बोलला. त्या गोंधळात स्टिक खाली आल्या. मी सगळ्यांना चार पावलं मागं घेतलं. वाट मोकळी होताच साप भिंतीच्या कडेनं असा सरकला की गटारात कधी शिरला ते कळलंही नाही.

ती धामण होती. कन्नड मुलं तिला केरे हावू म्हणतात, तमिळ मुलं सारै पांबू, हिंदीत ती धामन. शाळेत जितक्या भाषा बोलल्या जातात त्या बहुतेकींत तिला नाव आहे, कारण ती देशाच्या बहुतेक भागांत आहे आणि माणसाच्या अगदी जवळ आहे. तरी तिच्याकडे कुणी नीट पाहत नाही. नागाला देऊळ आहे, पंचमी आहे. धामणीच्या वाट्याला नागाची भीती तेवढी आली.

ही चूक का होते ते सांगतो. घाबरली की धामण मान फुगवते, डोकं उचलते, तोंड उघडून अंगावर आल्यासारखं करते. तिच्याजवळ विष नाही, म्हणून सोंगावरच तिचा सगळा भर. पण नीट पाहिलं तर फरक दिसतो. नागाचा फणा आडवा पसरतो. धामणीची मान उभी फुगते, फणा होत नाही. तिचे डोळे मोठे आणि बाहुल्या गोल. ओठांवर उभ्या काळ्या रेषा असतात, कुणी पेनाने आखाव्यात तशा. अंगाच्या मागच्या भागावर आणि शेपटीवर काळसर जाळी. शिवाय ती दिवसाची शिकारी, म्हणूनच आपल्या नजरेस जास्त पडते आणि जास्त मारली जाते.

मात्र ही ओळख चार पावलांवरून पाहण्यासाठी आहे, हात लावण्यासाठी नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली असा अंदाज आहे. खात्री नसेल तो साप विषारी समजा आणि ड्यूटीवरच्या शिक्षकांना सांगा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही न करता थेट दवाखाना.

आता कोठारामागं ती का आली होती? उंदरांसाठी. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सात-आठ पिल्लं सहज होतात. मांजर बिळाच्या तोंडाशी बसून राहतं. धामण आत जाते, पिल्लांसकट घर रिकामं करते. ती अजगरासारखी भक्ष्याला आवळत नाही. जबड्यात धरते, अंगाच्या वजनानं जमिनीवर दाबते आणि बरेचदा जिवंतच गिळते. बेडूक, सरडे, पाखरंही खाते, पण कोठाराच्या हिशेबात आपल्याला उंदीर महत्त्वाचे. आणि जिथं उंदीर माजतात तिथं खरा नागही येतो, हे त्या स्टिकवाल्यांना मी नंतर सांगितलं.

माझं गाव कराडकडचं, उसाचं. तिथं धामणीबद्दल जे ऐकत वाढलो ते ऐकून केरळचा तो मुलगा पोट धरून हसला. ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणे. तिचे दात सुईसारखे, आत वळलेले. ते सडाला लागले तर कुठली गाय उभी राहील? आणि साप दूध पचवूही शकत नाही. दुसरी समजूत, धामण ही नागाची बायको. पावसाळ्याच्या तोंडावर दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले की लोक त्यांच्यावर कोरं कापड टाकायला धावतात. बरेचदा ते दोन्ही धामणीचे नर असतात आणि कुस्ती चाललेली असते. जो दुसऱ्याचं डोकं खाली दाबेल तो जिंकला. चावाचावी क्वचितच. आपल्या बॉक्सिंगच्या रिंगणात इतकी शिस्त मी अजून पाहिलेली नाही.

हे सगळं मला उशिरा कळलं. सहावीत असताना मी एक धामण पकडून ठेवली होती. उसाच्या तोडणीत सापडली, चुलत्यांनी पोत्यात घातली, मी हट्ट करून घरी आणली आणि कोंबड्यांच्या जाळीच्या खुराड्यात ठेवली. गावभरची पोरं बघायला येत. ती एका जागी थांबायची नाही. नाक जाळीला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिवसभर. बेडूक टाकला, शिवली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या नाकाचं कातडं सोलून मांस दिसायला लागलं होतं. आजीनं ते पाहिलं, मला काही बोलली नाही, खुराडं उचलून ओढ्याकाठी नेलं आणि दार उघडलं. ती जगली की नाही मला माहीत नाही. जखम तोंडात उतरली की सापाचं खाणं सुटतं, हे पुढं जीवशास्त्र शिकताना वाचलं, तेव्हा ते खुराडं पुन्हा डोळ्यांपुढं आलं.

धामणीला पिंजरा सोसत नाही. नाग टोपलीत वेटोळं करून बसेल. ही सतत हिंडणारी, तापट, घाबरट. तिला ठेवायचं तर लपायला आडोसा, अंग पसरायला लांबरुंद जागा आणि जाळीऐवजी गुळगुळीत भिंत लागते, आणि तेही जाणत्या सर्पोद्यानातच. आमच्या बाजूच्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीसाठी नागांबरोबर धामणीही पकडून मडक्यात ठेवत. पुढं न्यायालयाच्या आदेशाने त्यावर बंदी आली.

त्याआधी धामणीवर मोठं संकट होतं ते तिच्या कातड्याचं. पट्टे आणि पर्स करण्यासाठी लाखो कातडी परदेशी गेली. तमिळनाडूतले इरुळा लोक हे साप पकडण्यात देशात सर्वांत तरबेज. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा तो धंदा संपला; १९७८ मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढली आणि तेच कौशल्य नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष काढण्याकडे वळवलं. सर्पदंशावर दवाखान्यात टोचतात ती लस त्याच विषापासून बनते. धामणीला कायद्याचं संरक्षण आहे. तिला मारणं गुन्हा, आणि मी सहावीत केलं ते, म्हणजे घरी बाळगणं, तेही गुन्हाच. सुट्टीत घरी गेल्यावर "माझ्याकडे साप आहे" म्हणून फोटो टाकणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही हे लक्षात घ्यावं.

मेसमागच्या धामणीचा मुक्काम अजून तिथंच आहे. कोठाराचे दादा सांगतात की पोती कुरतडणं कमी झालंय. मोजमाप कुणी ठेवलेलं नाही, त्यामुळे मी श्रेय वाटत नाही. ऑक्टोबरमध्ये गटाराच्या तोंडाशी तिची कात सापडली. त्या दोन स्टिकवाल्यांनीच टेप आणून मोजली: दोन मीटर एकवीस सेंटिमीटर. कात उतरताना ताणली जाते, म्हणून साप त्याहून आखूड असणार, असं मी म्हटलं. त्यांना ते पटलेलं नाही. कात होती तिथंच ठेवली आहे आणि दोघे पुढच्या कातीची वाट पाहताहेत.