परसातला दुधी कडू लागला तर…

ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगरलेल्या शेतातलं नको, म्हणून परसात, कुंपणावर, मांडवावर जे आलं असेल ते त्या दिवशी पातेल्यात पडतं: अळू, माठ, दोडका, पडवळ, लाल भोपळा, भेंडी, मक्याची कणसं. आता परस गेलं आणि त्याची जागा गच्चीतल्या कुंड्यांनी, बाल्कनीच्या कठड्यावर चढवलेल्या वेलांनी घेतली. तरी जूनमध्ये लावलेल्या वेलाला गणपतीच्या सुमारास पहिला दुधी धरला की घरातली पोरंटोरं रोज त्याची लांबी मोजतात, हे काही बदललेलं नाही.

हा पहिला दुधी कापल्यावर कडू निघाला तर काय करायचं? बहुतेक घरांत दोन उत्तरं ऐकू येतात. एक, ‘घालू थोडा गूळ, शिजल्यावर कळणार नाही.’ दुसरं, ‘कडू म्हणजे गुणकारी, पोटाला चांगलंच.’ दोन्ही उत्तरं धोक्याची आहेत.

दुधी, दोडका, काकडी, भोपळा, पडवळ ही सगळी एकाच कुळातली भावंडं. या कुळातल्या वनस्पती किड्या-प्राण्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून ‘कुकरबिटासिन’ नावाची अतिशय कडू संयुगं तयार करतात. रानटी जातींत ती भरपूर असतात. माणसानं हजारो वर्षं गोड फळांचं बी राखून ठेवत ती खाण्याच्या जातींतून जवळपास हद्दपार केली. पण ती बनवण्याची क्षमता वेलातून पूर्ण गेलेली नाही. कडक ऊन, पाण्याची ओढ, जून झालेलं फळ अशा कारणांनी ती डोकं वर काढते. कुंडीतल्या वेलाला तर दोन दिवस पाणी चुकलं तरी ताण बसतो.

दुसरं कारण बियाण्यातलं. शेजारीपाजारी कडू जातीचा वेल असेल आणि त्याचा पराग आपल्या दुधीच्या फुलावर आला, तर त्या वर्षीचं फळ गोडच लागतं. कडूपणा त्याच्या बियांत जातो आणि पुढच्या पावसाळ्यात उगवतो. म्हणूनच खतखड्ड्यावर आपोआप आलेला वेल, कुणीतरी हौसेनं दिलेलं घरचं बी, यांच्या फळांकडे जरा संशयानंच पाहावं. फुकटचा वेल म्हणून कौतुक करायला हरकत नाही, पण चव घेतल्याशिवाय त्याचं फळ शिजवू नये.

कुकरबिटासिन उष्णतेनं नष्ट होत नाही. भाजी शिजवा, हलवा आटवा, थालीपिठात किसून घाला, ते तिथंच राहतं. गूळ, चिंच, मसाला यांनी फक्त जीभ फसते, पोट फसत नाही. काही मिनिटांत किंवा काही तासांत पोटात मुरडा, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. गंभीर प्रकारात उलटीतून रक्त पडतं, रक्तदाब झपाट्यानं खाली येतो. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. सलाइन, आतड्यांना आराम आणि रक्तदाबावर लक्ष, एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं. त्यामुळे ताक-लिंबू पाजत घरी वाट पाहण्यात वेळ घालवू नये आणि रुग्णालयात पोहोचल्यावर ‘कडू दुधी खाल्ला होता’ हे आधी सांगावं.

आपल्याकडे हा प्रश्न चर्चेत आला तो रसामुळे. 2010 मध्ये दिल्लीतील एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका, असा त्याचा सरळ सल्ला. मिसळण्याबद्दलची सूचना विशेष महत्त्वाची. कारल्याचा कडूपणा आपल्या ओळखीचा असतो, त्यात दुधीचा कडूपणा लपून जातो आणि धोक्याची घंटा वाजतच नाही. शिवाय भाजीच्या चार फोडी आणि पेलाभर कच्चा रस यांत प्रमाणाचा मोठा फरक आहे. पेला एका दमात रिकामा होतो.

पण हे फक्त रसापुरतं नाही. 2015 मध्ये जर्मनीत एका 79 वर्षांच्या गृहस्थांचा शेजाऱ्याच्या बागेतल्या झुकिनीची भाजी खाऊन मृत्यू झाला. झुकिनीही याच कुळातली. पत्नीला चव कडू लागली, म्हणून तिनं कमी खाल्लं आणि ती वाचली.

एकाच भांड्यातली भाजी दोघांच्या जिभेला वेगळी लागू शकते. वाढत्या वयात चव मंदावते, सर्दीत तर विचारायलाच नको. म्हणून घरच्या वेलाचं फळ दोघांनी चाखावं. देठाकडचा आणि मधला असा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायचा, कडू लागला तर थुंकून चूळ भरायची. ताटावर बसलेलं पोर ‘कडू आहे’ म्हणालं, तर ‘नखरे करू नकोस’ म्हणण्याआधी स्वतः एक घास चाखून बघावा. ऋषीच्या भाजीसारख्या मिश्र भाजीत तर प्रत्येक फळ चिरतानाच चाखलेलं बरं. सगळं एकत्र झाल्यावर दोषी कोण ते सापडत नाही.

काकडीचं देठ कापून चोळण्याची आपली पद्धत आहे, तिचं काय? काकडीत कडूपणा बहुधा देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो. तेवढा भाग जाडसर कापून टाकल्यावर उरलेली काकडी गोड लागत असेल तर खुशाल कोशिंबीर करा. चोळून येणाऱ्या फेसावर मात्र फार विसंबू नका. आणि दुधी, दोडक्याला हा उपाय लावूच नका. तिथं कडू म्हणजे अख्खं फळ बाहेर.

खरी अडचण शास्त्राची नाही, जिवावर येण्याची आहे. अडीच महिने पाणी घातलेलं फळ, त्यात ‘अन्न टाकू नये’ ही शिकवण. पण अळूच्या बाबतीत आपण अशी भीड कधी ठेवली? त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाजवतात, म्हणून हाताला तेल लावून ते चिरायचं, चिंच किंवा आंबट चुका घालून गाळ शिजवायचं, हे प्रत्येक आजीला पाठ होतं. दुधीचा कडूपणा तसा शिजून जाणारा नाही, इतकाच फरक.

एखादंच फळ कडू निघालं तर वेलाला नियमित पाणी द्या, पुढची फळं कोवळी काढा आणि प्रत्येक फळ चाखा. दोन-तीन तशीच निघाली तर वेल उपटा, त्याचं बी ठेवू नका. बी धरायचंच असेल तर गोड फळं देणाऱ्या वेलावरची मादी कळी निवडावी, तिच्या बुडाशी इवलासा दुधी दिसतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. उमलण्याआधी मादी कळीवर आणि त्याच वेलावरच्या एका नर कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधावी. दिवेलागणीला नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलावर टेकवावा आणि पिशवी पुन्हा बांधून ठेवावी. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे घाईत कुणी ते भाजीला तोडणार नाही.