कोर्लई बोलीतील क्रियारूपे

कोर्लई बोलीतील क्रियारूपे : रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या मुखापाशी वसलेल्या कोर्लई गावच्या ख्रिस्ती समाजाची बोली ही पोर्तुगीजोद्भव क्रिओल भाषा आहे. तिचे भाषक तिला ‘नॉ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. चौल परिसरातील पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये संपुष्टात आली. बोली मात्र टिकून राहिली. मूळ भाषेतील दीर्घ क्रियारूपांचे येथे काय झाले, हे त्यांच्या अवयवविभागणीवरून स्पष्ट होते. एका स्वराच्या आधारे एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिगट म्हणजे अवयव.

पोर्तुगीजमध्ये काळ, पुरुष व वचन एकाच क्रियारूपात सामावलेले असतात. ‘बेबेर’ (पिणे) या धातूचे ‘आम्ही पीत असू’ या अर्थाचे रूप बे-बी-आ-मुश असे चार अवयवी असून आघात दुसऱ्या अवयवावर पडतो. आघाताचे स्थान अर्थभेदक असते : बे-बे-रांव या रूपात मधल्या अवयवावर आघात दिल्यास ‘ते प्याले’ व अंत्य अवयवावर दिल्यास ‘ते पितील’ असा अर्थ होतो. भविष्यकाळात कर्मवाचक सर्वनाम धातू व प्रत्यय यांच्यामध्ये येऊ शकते. ‘आम्ही ते पिऊ’ या अर्थाचे ‘बेबे-लु-एमुश’ हे रूप तीन घटकांत लिहिले जाते. परंतु त्याचे अवयव बे-बे-लु-ए-मुश असे पाच आहेत व मुख्य आघात ‘ए’वर आहे. लेखनातील संयोगचिन्हे व अवयवांच्या सीमा सर्वत्र जुळत नाहीत, ते यामुळेच. अशी रूपे आज प्रायः औपचारिक भाषेतच आढळतात.

कोर्लई बोलीत ही गुंफण सुटली आहे. पुरुष व वचन कर्त्यावरून कळतात. धातू ‘बेबे’ असा द्व्यवयवी असून आघात अंत्य स्वरावर असतो. ‘लोगु’ (लवकर, मग) या पोर्तुगीज शब्दापासून आलेला ‘ल’ हा स्वतंत्र शब्द धातूपूर्वी योजून भविष्यकाळ दर्शवितात, उदा., ‘नॉ ल बेबे’ (आम्ही पिऊ). भूतकाळी ‘बेबेव’ हे रूप मूळच्या तृतीय पुरुषी एकवचनाचे असले, तरी सर्व पुरुषांना चालते. मराठी ‘लोटणे’पासून आलेला ‘लोटू’ हा धातूही याच घडणीत बसतो. कर्मानंतर क्रियापद ही वाक्यरचनाही मराठीसारखीच आहे.

शाळा व चर्च यांत मराठीचा वापर रूढ झाल्याने या छोट्या बोलीचे क्षेत्र संकोचत आहे. देवनागरी लेखनात आघात उमटत नाही. म्हणून केवळ शब्दसूची केल्यास धातूंचे सांगाडे उरतील, उच्चार हरपेल. तिच्या जतनासाठी वृद्ध भाषकांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण अत्यावश्यक ठरते.