शेजारी कोणी नसलेला शिकाऊ

येवल्याला हातमागावर पैठणीचा पदर विणताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ताण्याचे उभे धागे मोजून प्रत्येक रंगाचा बाणा त्याच्या जागी हाताने घालायचा, अशी ही रीत. मोजणीत एका धाग्याची गफलत झाली, तर ती त्याच ओळीत नजरेला येईलच असे नाही. पुढे काही ओळी विणून झाल्यावर मोराची मान वाकडी दिसू लागते. मग मागे जात मूळ ओळ शोधावी लागते. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून ते नजरेला आणि बोटांना येते.

संगणकाच्या आज्ञावलीतला दोषही असाच एकीकडे दिसतो आणि दुसरीकडे असतो. तो शोधून दूर करण्याला ‘डीबगिंग’ म्हणतात आणि त्यासाठी खास साधने आहेत. आज्ञावली मध्येच थांबवून तिच्या पोटात काय चालले आहे ते दाखवणारे ‘जीडीबी’ हे साधन १९८६ पासूनचे. प्रोग्रॅमर मंडळीही ही साधने बरीचशी शेजारी बसूनच शिकतात. आता मात्र ती वापरणारा एक नवा शिकाऊ आला आहे, आणि त्याच्या शेजारी कोणी बसत नाही.

त्याला ‘एजंट’ म्हणतात. (विम्याचा नव्हे!) अफाट मजकुरावर तयार केलेले भाषेचे मॉडेल हा त्याचा गाभा. काम सांगितले की तो एखादे साधन चालवतो, आलेले उत्तर वाचतो, त्यावरून पुढचे पाऊल ठरवतो आणि काम संपेपर्यंत हेच चक्र चालू ठेवतो. साधनांविषयी त्याने पुष्कळ वाचलेले असते, पण समोरचे साधन नेमके कसे वागेल हे त्याला लिहिलेल्या शब्दांतूनच कळते. जे लिहिलेले नाही, ते तो अंदाजाने भरून काढतो. अडचण येते ती इथेच.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, एका आज्ञावलीत वर्षभरात १०२४ बदल झाले. त्याआधी ती ठीक चालत होती, आज चालत नाही. दोष कोणत्या बदलाने आला? सगळे बदल ओळीने तपासायची गरज नाही. ५१२ व्या बदलानंतरची आवृत्ती तपासावी. ती चांगली असेल तर दोष पुढच्या निम्म्यात, नसेल तर पहिल्या निम्म्यात. दर वेळी उरलेल्यांचे असेच दोन भाग करत गेल्यास १० तपासण्यांत नेमका बदल सापडतो. मनातली संख्या ओळखण्याचा खेळ मुले याच युक्तीने खेळतात. बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये हे काम ‘बायसेक्ट’ ही आज्ञा आपोआप करते.

प्रत्येक आवृत्तीची परीक्षा घेणारी छोटी आज्ञावली आपण द्यायची. ती शेवटी एक अंक कळवते. ० म्हणजे आवृत्ती चांगली, १ ते १२७ म्हणजे बिघडलेली. यात १२५ हा अपवाद. त्याचा अर्थ ‘ही आवृत्ती तपासताच येत नाही, वगळा’. आता मधली एखादी आवृत्ती भलत्याच कारणाने चालूच झाली नाही आणि परीक्षकाने १ किंवा २ हा अंक कळवला, तर बायसेक्ट तिला बिघडलेली समजते. शोध चुकीच्या निम्म्यात जाऊ शकतो आणि शेवटी दोषाशी संबंध नसलेल्या बदलाचे नाव पुढे येते. ‘तराजू बिघडला आहे’ आणि ‘वजन शून्य भरले’ या वेगळ्या नोंदी आहेत, हे आपण प्रयोगशाळेत मुलांना सांगतोच. १२५ हा अंक त्यासाठीच आहे.

गिटच्या माहितीपुस्तिकेत हे सारे दिले आहे. अनुभवी माणूस विचित्र उत्तर पाहून थबकतो आणि पुस्तिका पुन्हा उघडतो. एजंट मात्र तो निरपराध बदल काढून टाकून वर सफाईदार अहवालही लिहू शकतो. माझ्या मते चुकीचे पण ठाम उत्तर हे ‘सापडले नाही’ या उत्तरापेक्षा अधिक महाग पडते, कारण पुढचा माणूस त्यावर विसंबून शोध थांबवतो. म्हणून एजंटासाठी लिहिताना ‘आवृत्ती चालूच झाली नाही, तर १२५ कळवा’ हे वाक्य आज्ञेच्या वर्णनाला लागूनच हवे, शेवटच्या टिपेत नको.

जीडीबीतही असे सापळे आहेत. ते पुढच्या आज्ञेची वाट पाहत थांबते. एकदम सर्व आज्ञा देऊन चालवण्याची सोय माहीत नसेल तर एजंटही ताटकळतो. एखाद्या चलाची किंमत अनुवादकाने काटछाट करताना गाळली असेल, तर जीडीबी तसे कळवते. ‘गाळली’ म्हणजे ‘चूक आहे’ असे नव्हे, हे मात्र कोणीतरी लिहावे लागते.

२०२४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी ‘एसडब्ल्यूई-एजंट’ हा एजंट तयार केला. मॉडेल तेच ठेवून साधने एजंटाला सोयीची केली, तर कामगिरी सुधारते असे त्यांना दिसले. त्यांची एक सुधारणा अगदी साधी आहे. एखादी आज्ञा यशस्वी होऊन काहीच छापत नसेल, तर ‘आज्ञा यशस्वी झाली, काही छापले नाही’ असे एजंटाला स्पष्ट सांगायचे. युनिक्सच्या जुन्या रिवाजात मौन म्हणजे यश. नवख्याला त्या मौनाचा अर्थ कसा कळावा?

अर्थात चांगले लिहिले की सारे साधले, असे नाही. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चने एजंटांना पायथन भाषेतले ‘पीडीबी’ हे दोषशोधक साधन देऊन पाहिले. खऱ्या आज्ञावल्यांतील दोषांच्या एका संचावर सर्वांत चांगल्या मॉडेललाही निम्मे दोष दुरुस्त करता आले नाहीत. क्रमाक्रमाने तपास करत जाण्याचे नमुने मॉडेलच्या शिक्षणात कमी असतात, हे त्यांनी दिलेले कारण.

संगणक नसला तरी हा प्रयोग वर्गात करता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा पाहण्याची कृती एका गटाने लिहावी. दुसऱ्याने ती अक्षरशः पाळावी, काही विचारू नये. पेशी न दिसल्यास त्याने फक्त एवढेच नोंदवावे: पापुद्रा जाड होता, भिंग जुळले नव्हते, की यांतले काय घडले ते कृतीवरून ओळखताच आले नाही? तिसरी नोंद आली, तर पहिल्या गटाने कृती पुन्हा लिहावी.